अण्णांची वही : घरात मधुमेह असेल तर रोज काय करायचं आणि कसं

आमच्या फ्रिजवर एक दोनशेपानी वही असते. तिला सुतळीने पेन बांधलंय, कारण मोकळं ठेवलं की ते माझ्या मुलाच्या दप्तरात जातं. ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साखरेची वही. सध्या चौथी चालू आहे. अण्णा एसटीत कंडक्टर होते. रोज रात्री तिकिटांचा हिशेब जुळवल्याशिवाय झोपायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. मधुमेह निघाला तेव्हा त्यांना पथ्य नको होतं, गोळ्या नको होत्या, पण हिशेब ठेवायला ते एका दिवसात तयार झाले. आमचं सगळं त्या वहीपासून सुरू झालं.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं एका मधुमेही माणसाबरोबर एका घरात राहतेय, एवढाच माझा अधिकार. डॉक्टरांनी, आहारतज्ज्ञ बाईंनी आणि आमच्याच चुकांनी जे शिकवलं ते इथे क्रमाने लिहितेय. हे टाइप २ बद्दल आहे, म्हणजे मोठ्या वयात येतो त्या नेहमीच्या मधुमेहाबद्दल. लहान मुलांचा टाइप १ आणि गरोदरपणातला मधुमेह यांचं गणित वेगळं आहे. आणि औषधाचा डोस हा नेहमीच तुमच्या डॉक्टरांचा विषय.

"आमच्यात कुणी जाड नाही, अण्णांना कशी काय साखर?" असं आईने तेव्हा दहादा विचारलं होतं. याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच : २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण चरबी आत, पोटाशी साठवतो. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही कामाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं मानतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत दहा कोटींहून जास्त लोकांना, म्हणजे ११.४ टक्के प्रौढांना, मधुमेह असल्याचा अंदाज आला. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा "आमच्याच नशिबी का" हा प्रश्न सोडून दिलेला बरा.

पायरी १ : तीन आकडे ओळखीचे करून घ्या

उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची (लॅबवाले जिला पीपी म्हणतात ती) आणि एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. मधुमेह आहे असं कधी म्हणतात? उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. फारशी लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात.

निदान झाल्यावर मात्र ध्येय वेगळं असतं आणि इथे खूप घरांत गोंधळ होतो. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आसपास किंवा खाली हे चांगलं नियंत्रण. पंचाहत्तरीच्या पुढचं, एकटं राहणारं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेलं माणूस असेल तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात, कारण त्या वयात साखर अचानक उतरून पडणं हे थोडी वाढलेली असण्यापेक्षा घातक. शेजारच्या काकांचा ६.४ आला म्हणून आपल्या आजोबांच्या मागे लागू नये.

एचबीए१सीचा टक्का अण्णांच्या डोक्यात शिरत नव्हता. डॉक्टरांनी तो रोजच्या साखरेच्या भाषेत सांगितला : ६ म्हणजे सरासरी १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. एक लक्षात ठेवा, अंगात रक्त कमी असेल तर हा टक्का फसवा येऊ शकतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा.

पायरी २ : वही घाला, पण जोडीने मोजा

पुष्कळ लोक महिनोन् महिने फक्त सकाळची साखर मोजतात. १४०, १३६, १४४. यातून काय कळलं? काहीच नाही. आम्हाला एका डॉक्टरांनी जोडीने मोजायला सांगितलं : एखाद्या जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. शेजारी काय खाल्लं ते. आठवड्यातून दोन-तीन जोड्या पुरतात. घरी साखर मोजायच्या मीटरच्या पट्ट्या महाग आहेत, त्या उगाच जाळायच्या नाहीत. (इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त वेळा मोजावं लागतं, ते डॉक्टर सांगतील.)

आमच्या पहिल्या वहीतली दोन पानं मला अजून पाठ आहेत. सोमवार, नाश्ता, मोठी बशी भरून पोहे : आधी १२८, नंतर २४१. गुरुवार, अर्धी बशी पोहे आणि वर वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ, लिंबू : आधी १२१, नंतर १७३. दोन्ही दिवशी गोळी तीच, माणूस तोच. अण्णांनी चष्मा काढून ती पानं दोनदा पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे तिकीट इथे फाटतंय होय." त्यानंतर पोह्यांवरून आमच्या घरात वाद झाला नाही. जे मी सहा महिने ओरडून पटवू शकले नव्हते ते चार पट्ट्यांनी पटवलं.

मोजताना : हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. एकदा संत्रं सोलून तसंच बोट टोचलं आणि मीटरने २९० दाखवलं. आई तर रिक्षा बोलवायला निघाली होती. हात धुवून पुन्हा बघितलं तर १६४. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखत कमी. बोट रोज बदला. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लावा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि डबीवरची तारीख बघा. मीटर आणि लॅब यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असतोच, त्यावरून लॅबवाल्याशी भांडू नका.

पायरी ३ : ताट बदलू नका, ताटातल्या जागा बदला

आपलं मराठी ताट मुळात चांगलं आहे. भाजी आहे, कोशिंबीर आहे, आमटी-उसळ आहे, ताक आहे. बिघडलंय ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि भाताचा डोंगर. तो उलटा करायचा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर (बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताच्या पंगतीतला), पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, चिकन किंवा पनीर यांपैकी काही, आणि उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. "किंवा" वर जोर आहे.

भाकरीबद्दल एक गैरसमज दूर करते. ज्वारी-नाचणीची भाकरी खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही असं नाही. चोथा जास्त म्हणून ती पोळीपेक्षा बरी, पण आमच्या आईच्या हातची एक भाकरी म्हणजे तीन फुलके. आता ती सुपारीएवढा उंडा कमी घेते आणि एकच थापते. भातासाठी घरातली सगळ्यात लहान वाटी ठरवून टाकली. डाव आणि पळी यांवर भरवसा ठेवला की हात सैल सुटतो.

जेवणाचा क्रमही बघा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-आमटी, भाकरी आणि शेवटी भात. तेच पदार्थ, तेवढेच, पण या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. खर्च शून्य. पाहुण्यांकडेही करता येतं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र ताटात नव्हती, कपात होती. अण्णांचे दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे. म्हणजे आठ चमचे, पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर, आणि ती कुणी 'गोड खाणं' धरतच नव्हतं. एकदम बंद केली असती तर त्यांनी टपरीवर जाऊन प्यायला असता. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. महिन्याभरात बिनसाखरेचा, आलं-गवती चहावाला चालू झाला.

गूळ, मध, खडीसाखर, काकवी : साखरेच्या बाबतीत ही सगळी एकाच घराण्यातली. गुळाच्या चहाचे फलक गावोगाव लागलेत, पण रक्ताला ते फलक वाचता येत नाहीत. 'शुगर फ्री' बिस्किटांत साखर नसते, मैदा असतोच. फळ अख्खं खा, रस नको. आंबा? खा. दुपारी मधल्या वेळेला, छोट्या आंब्याची एक फोड किंवा अर्धा आंबा, आणि त्या दिवशी आमरसाची वाटी नाही. उन्हाळाभर आंब्याकडे नुसतं बघत बसलेला माणूस जूनमध्ये पेटीच संपवतो, हे मी पाहिलंय.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी. घ्यायचं असेल तर घ्या, डॉक्टरांना सांगून घ्या. पण गोळीच्या जागी घेऊ नका. "महिन्याभरात मधुमेह मुळापासून" असं म्हणणाऱ्या पुड्या मात्र घरात आणू नका, त्यात काय मिसळलंय ते विकणारालाही ठाऊक नसतं.

सणाचं आमचं सूत्र असं की गोड येणार हे आधीच धरायचं आणि त्याची जागा भाताकडून काढून घ्यायची. पुरणपोळी असेल त्या दिवशी एक पुरणपोळी, भात नाही, बाकी पोळी नाही. उकडीचे मोदक दोन, आणि पानात भाजी-उसळ रोजच्यापेक्षा जास्त. दिवाळीचा फराळ डब्यात ठेवून येता-जाता नाही, बशीत वाढून एकदाच.

पायरी ४ : शतपावली, पण शंभरावर थांबू नका

जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालणं हे साखरेवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात. आपल्या आज्या-पणज्यांनी याला नावही देऊन ठेवलंय. फक्त शंभर पावलं म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच होतात, ती हजारावर न्या. बाहेर पाऊस असेल तर घरात फेऱ्या. अण्णा रात्रीच्या बातम्या उभ्याने, फेऱ्या मारत ऐकतात.

आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं चालणं हवं, आणि दोन-तीन दिवस थोडी ताकदीची कामं. वयस्कर माणसाला जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. भिंतीवर हात टेकून जोर. पाण्याच्या भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं. स्नायू टिकले तर साखर साठवायला जागा राहते.

पायरी ५ : गोळ्या आणि इन्सुलिन, नाव आणि रंग ओळखून

"ती पांढरी लांबट गोळी" असं म्हणणं बंद करा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, नाहीतर पोट बिघडतं; वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, ते कमी होऊ शकतं आणि पायातल्या मुंग्या वाढतात. ग्लिमेपिराइड आणि त्याच्या भावंडांच्या गोळ्या साखर जोरात उतरवतात, म्हणून त्या घेतल्या की वेळेवर जेवलंच पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पाणी भरपूर प्यायचं आणि खाज-जळजळ झाली तर लाजून गप्प बसायचं नाही. खर्च झेपत नसेल तर जनऔषधी केंद्रात त्याच मूळ नावाने विचारा. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपल्यावर त्यांच्या किमती बऱ्याच खाली आल्यात. जुनी चिठ्ठी असेल तर डॉक्टरांशी पुन्हा बोला.

इन्सुलिन सुरू झालं म्हणजे शेवटची अवस्था, हा समज आमच्याही घरात होता. दहा-पंधरा वर्षांत स्वादुपिंड थकतं, त्याला बाहेरून मदत दिली, एवढाच त्याचा अर्थ.

पण इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं : मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. आमच्या कुपीवर ४० लिहिलेलं होतं आणि एकदा मी घाईत केशरी टोपीच्या सिरिंज घेऊन आले. सिरिंजवरच्या २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं की प्रत्यक्षात जात होती ८ युनिट. तीन दिवस सकाळची साखर अडीचशेच्या वर, आणि आम्ही रात्रीच्या जेवणात चोर शोधत होतो. याच्या उलट झालं असतं, म्हणजे १०० चं औषध आणि लाल टोपीची सिरिंज, तर २० च्या जागी ५० युनिट गेली असती. ते जिवावरचं. तेव्हापासून नवी कुपी आणि नवी सिरिंज शेजारी ठेवून, आकडे मोठ्याने वाचून मगच कुपी उघडते.

बाकीचं थोडक्यात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक वेळा २८ दिवस थंड जागी, फ्रिजबाहेर चालतं, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात घरातली थंड जागा म्हणजे माठाशेजारी, ओल्या वाळूवर ठेवलेलं मडकं. मुळातच दुधाळ दिसणाऱ्या प्रकारचं इन्सुलिन तळव्यात हळू फिरवून एकजीव करा, खळाखळा हलवू नका. पोटावर रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून बोटभर अंतर सोडत जागा बदला. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण लावून. कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हातांचाही विचार करा.

पायरी ६ : साखर उतरली तर

आषाढी एकादशी होती. अण्णांनी नेहमीप्रमाणे सकाळची ग्लिमेपिराइड घेतली, आणि खाल्लं काय तर एक केळं आणि चहा. "आज खिचडी नको, साखर वाढते," असं मलाच बजावून. चारच्या सुमाराला ते आईवर ओरडायला लागले. साधं नाही, चपला कुणी लपवल्या म्हणून, आणि चपला पायात होत्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते. मला वाटलं उपासाने पित्त चढलं. माझ्या मुलाने मीटर आणलं : ५२.

७० च्या खाली म्हणजे साखर उतरली. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक भूक ही नेहमीची लक्षणं, पण चिडचिड आणि असंबद्ध बोलणं हेही एक लक्षण आहे, हे त्या दिवशी कळलं. अशा वेळी तीन-चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, साधारण १५ ग्रॅम. चॉकलेट नको, पेढा-बर्फी नको, त्यातल्या तुपाने साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी-दूध, केळं असं काही खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या.

आता उपासाच्या आदल्या दिवशी अण्णा डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचारतात. दोनच वेळा जेवण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळांनी उचलली आहे, त्यांनाही हेच लागू : वजन उतरेल, साखरही उतरेल, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नका. उपासाच्या पदार्थांत साबुदाणा साखर सगळ्यात वेगाने चढवतो. भगर थोडीच, तिच्याबरोबर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही हे त्यापेक्षा बरं.

पायरी ७ : पाय, रोज रात्री

अण्णा एकदा बाजारातून आले, बूट काढला, आणि आतून चिंचोका पडला. तळपायावर त्याचा लालभडक ठसा उमटलेला. दीड तास ते चिंचोक्यावर चालत होते आणि त्यांना कळलं नव्हतं. मी त्या ठशाकडे बघत राहिले. साखरेने नसा बोथट होतात म्हणजे काय होतं, ते मला तिथे दिसलं.

रोज रात्री झोपताना पाय बघायचे. वाकता येत नसेल तर दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवा त्यावर धरायचा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, फोड, काळसर-लाल डाग, सूज. कोमट पाण्याने धुवायचे. पाणी किती गरम ते दुसऱ्याने किंवा स्वतःच्या कोपराने बघायचं, पायाने नाही. बेचक्या कोरड्या करायच्या. तळव्यांना खोबरेल, बेचक्यांत तेल नको, तिथे चिखल्या होतात. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. भोवरी ब्लेडने तासू नका आणि तिच्यावर औषधाची पट्टी लावू नका. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं कायमचं बंद.

घालण्याआधी बूट-चप्पल उलटी करून झटकायची. अंगठ्याची सपाट चप्पल सुटते आणि कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली, मऊ तळाची घ्या. एमसीआरच्या (मऊ, स्पंजासारख्या रबराच्या) चपला मागितल्या तर मिळतात. घरातही अनवाणी नाही. देवळात? चैत्रात जोतिबाला किंवा शिखर शिंगणापूरला गेलात तर दगड तव्यासारखे तापलेले असतात, आणि ज्याचे पाय बधिर आहेत त्याला ते कळत नाही. अण्णा जाड मोजे घालून सकाळी आठच्या आत दर्शन घेतात. देव काही म्हणत नाही, बाजूचे भाविकच म्हणतात. जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, किंवा लाली-पू दिसला, तर हळद लावून वाट बघू नका. आणि तंबाखू, बिडी, मिश्री यांनी पायाच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

पायरी ८ : ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात खाल्लं नाही तरी साखर वाढते. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. दर चार तासांनी मोजा, घोट घोट पाणी, ताक, पेज देत राहा. उलट्या-जुलाबांनी पाणी जात असेल तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, त्यासाठी त्याच दिवशी फोन करा. सतत उलट्या, जोरात धाप, गुंगी असं दिसलं तर थेट रुग्णालय.

पायरी ९ : पहारा उठवा

पहिली दोन वर्षं मी घरातली पोलीस होते. अण्णांच्या ताटावर डोळा, डब्यांची मोजदाद, पाहुण्यांसमोर "त्यांना नको वाढू". एकदा गादी उन्हात घालायला उचलली तर खाली कागदात गुंडाळलेले चार कंदी पेढे. सातारचे. सत्तरीचा माणूस, ज्याने आम्हाला वाढवलं, तो पेढे लपवतोय. मला राग आला नाही, लाज वाटली.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. वेगळा स्वयंपाक बंद. ताटाची जी रचना त्यांची तीच सगळ्यांची. (माझी उपाशीपोटीची साखर १०८ आली होती, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, तेव्हा माझाही स्वार्थ होता.) साखर वाढलेली दिसली तर "काय खाल्लंत?" असं विचारायचं नाही. "काल झोप लागली का?" असं विचारायचं, कारण जागरण, काळजी आणि दुखणं यांनीही साखर चढते. जेवणानंतर कुणीतरी एकजण त्यांच्याबरोबर चालायला जातो. वही मी तपासत नाही, त्यांनी दाखवली तर बघते.

मधुमेहाचा कंटाळा येतो, हेही धरून चला. बारा वर्षं रोज तेच. त्यांनी चार दिवस मोजलं नाही तर जग बुडत नाही. पण कशातच मन लागत नाही, झोप उडाली, "आता काय राहिलंय" अशी भाषा आठवडेच्या आठवडे चालली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. मधुमेहाबरोबर नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर इलाज असतो.

पायरी १० : वर्षाचं वेळापत्रक सणांना बांधा

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. एचबीए१सी साखर हलती असेल तर दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. रक्तदाब प्रत्येक भेटीत, साधारण १३०/८० च्या आत. गणपतीनंतर रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी; किडनीची कुरकुर लघवीत आधी दिसते, अंगावर सूज यायला फार उशीर लागतो. दिवाळीच्या आधी पायांची संवेदना, तो बारीक नायलॉनचा धागा टेकवून बघतात ती. दात सहा महिन्यांनी. फ्लूची लस वर्षातून एकदा, न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारून.

आणि गुढीपाडवा झाला की डोळे. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नाही. बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी, दर वर्षी. थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवं, गाडी स्वतः चालवायची नाही, आणि गॉगल न्यायचा. आमच्याकडे मोठ्या माणसाचा गॉगल नाही. अण्णा दर चैत्रात नातवाचा लाल फ्रेमचा गॉगल लावून रिक्षातून उतरतात, आणि वाड्यातली पोरं "ए हिरो" म्हणून ओरडली की हात वर करतात.